दात भुताचे, तोंड आईचं

३ मार्च

ताई,

हातातलं काम बाजूला ठेव आणि आधी हे वाच. मला भुतांचे दात करायचं काम मिळालंय!

थट्टा नाही. खरा सिनेमा, खरे कॅमेरे, खरी भुतं. म्हणजे भुतं खोटीच, पण तुला कळतंय मला काय म्हणायचंय ते.

झालं असं, मी लॅबमध्ये एका आजोबांची कवळी घासत बसले होते. बाहेर कुणीतरी मालकांशी बोलत होतं. "आठ-दहा जबडे हवेत," तो माणूस म्हणाला, "पण माणसाचे वाटायला नकोत." मालक म्हणाले, "अहो, आमच्याकडे फक्त माणसांचेच होतात." ताई, मी अशी उठले की खुर्ची मागच्या मागे आडवी. हात प्लास्टरने पांढरे, चष्मा कपाळावर, तशीच बाहेर गेले आणि विचारलं, "सुळे वरचेच हवेत की खालचेही? तोंड पूर्ण मिटायला हवं का? त्या दातांनी बोलायचंय, की नुसतं चावायचंय?"

मालक माझ्याकडे बघतच राहिले. तो माणूसही. मग म्हणाला, "तुम्ही हे आधी केलंय?"

"केलं नाही. पण लहानपणापासून दुसरं काही बघितलेलंही नाही."

तो सिनेमांसाठी रबराचे मुखवटे करतो. बोटांना कायम वाळलेलं रबर चिकटलेलं असतं आणि बोलता बोलता तो ते सोलत राहतो. मी त्याचं नाव रबरवाला ठेवलंय. सिनेमाचं नाव ‘जिन्याखालची’. एक जुनी इमारत आहे, तिथली माणसं एकेक करून बेपत्ता होतात, आणि जिन्याखालच्या खोलीत एक म्हातारी राहते, जिला ती खोली कुणीच भाड्याने दिलेली नाही. गाणी नाहीत. मांत्रिक नाही. मध्यंतरापर्यंत भूत दिसतच नाही, फक्त ऐकू येतं! अगदी तुझ्या पसंतीचा. तू मला पलंगाखाली बसवून सिनेमे सांगायचीस ना, दाराच्या करकरीपासून पार्श्वसंगीतापर्यंत सगळं तोंडाने, आणि मधेच थांबून नुसता श्वास घ्यायचीस? तसा आहे हा.

तू उत्तर देणार नाहीस हे मला माहीत आहे. फोन उचलत नाहीस, मेसेज वाचतेस आणि गप्प बसतेस. पण पत्रं परत येत नाहीत, म्हणजे ती तू घेतेस. मला तेवढं पुरे.

आई बरी आहे. मी हल्ली तिच्याकडेच राहायला आलेय. लॅब जवळ पडते म्हणून.

तुझी,
किडकी

(जगाचे दात करते, तरी तू ठेवलेलं नाव काही सुटत नाही.)


२३ मार्च

ताई,

पहिला जबडा नापास झाला. पार नापास! रबरवाल्याने तो स्वतःच्या तोंडात घातला, आरशात बघितलं आणि म्हणाला, "भूत नाही, टूथपेस्टची जाहिरात वाटतेय."

त्याचं बरोबर होतं. इतकी वर्षं मी दात सरळ आणि सारखे करत आले. हात आपोआप तिकडेच वळतो. आता मुद्दाम वाकडं करायचं म्हणजे हाताला नव्याने वळण लावायचं. शेजारच्या कुत्र्याने जांभई दिली की मी त्याच्या तोंडात डोकावते. बाजारात मासे घेताना माशाचा जबडा उघडून बघते, विकणारी म्हणते, "बाई, ताजाच आहे, दात काय मोजताय?" मेणाचा एकेक दात करून बसवायचा, पायरीपायरीने तिरका करत जायचा. आणि तरी तो नटाच्या खऱ्या दातांवर टोपीसारखा नीट बसला पाहिजे, नाहीतर ऐन किंकाळीत भुताची कवळी हातात!

दुसरा जबडा पास झाला. तिसरा बघून तर रबरवाल्याच्या मदतनीस बाईने जेवणाचा डबा मिटून बाजूला ठेवला. मला नुसत्या उकळ्या फुटत होत्या.

आता पुढची बातमी. ‘मीठराणी’च्या तिसऱ्या भागाची झलक आली, बघितलीस का? बघितलीच असशील. मिठाचा महाल राणीच्या अश्रूंनी विरघळतो तो शॉट! माझं म्हणणं ऐक. राणी मेलेली नाही. सिंहासनावर बसलीय ती तिची जुळी बहीण आहे. मुकुटावरचा खडा नीट बघ, तो उलट्या बाजूला आहे. लॅबमध्ये सगळ्यांना थांबवून दाखवला, कुणाला काडीचा रस नाही. आणि तो दीपगृहाचा सिनेमा, ज्यात माणसाच्या आधी त्याची सावली घरात शिरते? त्याची तर मला इतकी घाई झालीय की भिंतीवरच्या स्वतःच्या सावलीलाही मी "थांब गं जरा" म्हणते. दलदलीतल्या प्राण्याचा मात्र त्यांनी आत्ताच हात दाखवून टाकला. कशाला दाखवायचा? तू असतीस तर पोस्टरसमोर उभं राहून भांडली असतीस.

मी झलक बघत होते तेव्हा आई मागे उभी होती. आपली भुताखेतांची मासिकं रद्दीत घालणारी आपली आई! मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. तर म्हणाली, "ते महाल विरघळतो ते पुन्हा लाव."

हल्ली सकाळी एक मुलगी येते तिच्याकडे. गालांचे, ओठांचे व्यायाम करून घेते. फुगा फुगवायचा, शीळ घालायची. वय झालं की करावेत म्हणे. आई शीळ घालतेय, कल्पना कर!

तुझी,
किडकी


१२ एप्रिल

ताई,

बसलीयेस ना? नसशील तर बस.

आई सिनेमात काम करणार आहे. आपली आई. भुताचं!

सांगते. जिन्याखालच्या म्हातारीसाठी जी नटी घेतली होती तिला तोंडात काही घातलं की उमासे येतात. तिच्या जबड्याचा साचा घ्यायला गेले तर तिने माझं बोट चावलं आणि काम सोडलं. इकडे तिचे दात मी करायला घेतलेले. पातळ, लांब, पिवळट, मधे एक फट. बोलताना ते सुटतात का, ओठ अडकतो का, हे कुणाच्या तरी तोंडात घालून बघायला हवं होतं. आई म्हणाली, "माझ्या मापाचे करून दे, मी बघते." आईच्या तोंडात स्वतःचे दात तू असतानाच किती उरले होते ते तुला माहीत आहे, तेव्हा जागा भरपूर.

तर शनिवारी सकाळी ती ते दात घालून घरभर फिरत होती, काहीबाही बोलत. मी न्हाणीघरात. दाराची बेल वाजली. रबरवाला बाकीचे जबडे न्यायला आला होता. आईने दार उघडलं आणि शिष्टाचार म्हणून हसली.

ताई, तो माणूस रोज भुतांच्या संगतीत असतो. पण त्याची बोबडी वळली! हातातलं हेल्मेट सुटलं ते गडगडत दोन मजले खाली गेलं. मी ओल्या केसांनी धावत आले तर हा कठड्याला धरून उभा, आणि आई म्हणतेय, "अहो आत या, पाणी देते." त्या दातांनी!

मग तो हसायला लागला, आणि हसता हसता थांबला. आईकडे नीट बघितलं त्याने. तिथूनच डायरेक्टर बाईंना फोन लावला. "मुखवटा नको," तो म्हणाला, "मला म्हातारी सापडलीय."

डायरेक्टर बाई दुपारी घरी आल्या. पोरगीच आहे अगदी, बूट काढून जमिनीवर बसली. आईला म्हणाली, "आजी, तुम्हाला भीती वाटते का भुतांची?"

"मला माणसांचीच जास्त वाटत आली," आई म्हणाली. "त्यामुळे बऱ्याच चुका झाल्या."

मी मधेच काहीतरी बोलून विषय बदलला. काय बोलले ते आठवत नाही.

तर ठरलं! एकच प्रसंग, एकच वाक्य, पण सगळा सिनेमा त्या प्रसंगाकडे येतो. आई सकाळपासून आरशासमोर आहे. खूप दिवसांनी.

तुझी,
आनंदाने वेडी झालेली किडकी


६ मे

ताई,

शूटिंग झालं! लिहायला उशीर झाला कारण दोन दिवस मला बसवतच नव्हतं, नुसती येरझाऱ्या घालत होते.

एका बंद पडलेल्या कापडगिरणीत त्यांनी जिना उभा केलाय. समोरून बघशील तर खरा वाटेल, मागून बघितलास तर नुसत्या फळ्या आणि खिळे. रबरवाला कोपऱ्यात बसून दहा भुतांच्या हिरड्यांना रंग लावत होता. मी दातांची पेटी घेऊन त्याच्या शेजारी. एक भूत आलं, म्हणालं, "ताई, सुळा टोचतोय." मी घासून दिला. दुसरं आलं, त्याला दात घालूनच जेवायचं होतं. त्याला मी झापलं. एवढी सुखी मी आजवर कधीच नव्हते. भुतं रांग लावून उभी आहेत आणि एकेक "आ" करतंय!

मग आईची पाळी. केस मोकळे, अंगावर राखाडी झगा, तोंडात माझे दात. डायरेक्टर बाईंनी तिला कागद दिला. प्रसंग असा की सिनेमातली मुलगी घाबरून धावत जिन्याखाली येते, खोलीचं दार उघडतं, म्हातारी दिसते आणि म्हणते, "परत जा. इथे तुझं कुणी नाही."

आईने कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला. "हे मी म्हणणार नाही."

"आजी, एवढंच तर वाक्य आहे."

"एवढंच असू दे. हे मी एकदा म्हटलंय. पुन्हा नाही म्हणणार."

तिथे कुणाला काही कळलं नाही. मला कळलं, तुलाही कळलं असेल. नवऱ्याचं घर सोडून तू बॅग घेऊन आपल्या जिन्यात उभी होतीस आणि आई दारात हात आडवा लावून. लोक काय म्हणतील, परत जा, परत जा. तू गेलीस ती तिकडेही नाही आणि इथेही नाही. एवढ्या वर्षांत तिने त्या दिवसाचा विषय काढलेला नव्हता. काढला तो असा, भुताच्या वेषात, वीस अनोळखी माणसांसमोर.

डायरेक्टर बाई तिच्याजवळ उकिडव्या बसल्या. "मग तुम्ही काय म्हणाल?"

आईने त्या लाकडी दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "आलीस? ये, आत ये. किती उशीर केलास."

रबरवाल्याने मला आपला दंड दाखवला, सगळा काटा. डायरेक्टर बाई एकदम उठल्या आणि म्हणाल्या, "हेच! भूत हाकलतं तेव्हा माणूस पळून तरी जातो. भूत मायेने बोलावतं तेव्हा काय करायचं?"

एका दमात शॉट ओके झाला. पण कॅमेरा बंद झाल्यावरही आई ते दार धरून उभी होती. मी जाऊन तिचा हात सोडवला.

तुझी,
किडकी


१८ नोव्हेंबर

ताई,

तुझा मेसेज आला. नऊ वर्षांनी पहिला. फोन हातातून पडता पडता वाचला. पहिल्यांदा फक्त तुझं नाव बघून मी लॅबमध्ये ओरडले, मग मजकूर वाचला.

"ट्रेलर बघितला. आईचं तोंड खरंच तसं झालंय की मेकअप आहे?"

मला वाटलं होतं तू विचारशील दात कुणी केले. रबरवाल्यालाही जे दिसायला दोन मिनिटं लागली ते तुला तेवढ्या अंधारातल्या तेवढ्याशा शॉटमध्ये दिसलं.

खरं आहे, ताई. मेकअप नाही. मागच्या डिसेंबरात तिला झटका आला. स्वयंपाकघरात पडली होती, शेजारच्या काकूंनी भांडं पडल्याचा आवाज ऐकला म्हणून बरं. डावी बाजू गेली होती. हात-पाय परत आले, डॉक्टर म्हणतात नशीब. तोंडाची डावी बाजू मात्र उतरलीय ती उतरलीच. लॅब इथून जवळ नाही, दोन बस बदलून जाते मी. ती व्यायामवाली मुलगी तिला नीट बोलता यावं म्हणून येत होती. कपाने पिता येत नव्हतं, मी चमच्याने पाजायचे. घरातले आरसे तिने भिंतीकडे तोंड करून ठेवले होते, आणि कुणी आलं की तोंडावर रुमाल.

तुला कळवते म्हटलं तर तिने मला शपथ घातली. म्हणाली, "तिला यावंसं वाटलं तर येऊ दे. माझी कीव आली म्हणून नको."

मग मी तरी काय करणार होते? भुतांच्या दातांबद्दल लिहीत राहिले. ते सगळंच खरं होतं बरं का, एक अक्षरही वाढवलेलं नाही. मी खरंच तेवढी खूश होते. घरात महिनोन्महिने औषधांचा वास, आणि एके दिवशी ती भुताचे दात तोंडात घालून फिरतेय, ते सुटत नाहीत ना बघायला मुद्दाम जीभ काढतेय! रबरवाला त्या दिवशी हसता हसता थांबला ना, तेव्हा त्याला कळलं होतं की ती बाजू दातांमुळे वाकडी नाही. तो मेल्याहून मेल्यासारखा झाला. माफी मागायला लागला. तर आई काय म्हणाली माहीत आहे? "वाकडं झालंच आहे, तर कुणाच्या तरी कामाला येऊ दे." आणि रुमाल खुंटीला अडकवला. तो तिथेच आहे.

मी तिला तुझा मेसेज दाखवलेला नाही. शपथ मोडली हेही सांगितलेलं नाही. तू काय ते ठरव.

तुझी,
किडकी


२० नोव्हेंबर

ताई!!

"पहिला शो कधी?"

तीन शब्द! आणि तेही तू मला नाही, सरळ आईच्या फोनवर पाठवलेस! तिला मेसेज उघडता येत नाहीत हे तुला ठाऊक तरी आहे का? तिने फोन माझ्याकडे दिला, "बघ गं, बँकेचं काही आलंय का." मी वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग आत गेली आणि बराच वेळ कपाट आवरत बसली, आवरलेलंच.

बाहेर येऊन म्हणाली, "तिला लिही, पहिल्या रांगेत बसू नको म्हणावं. मान दुखते."

शो नऊ जानेवारीला, दुपारी तीनचा. तिकिटं मी काढते. खाण्याचं तू बघ. आणि हे बघ, आधी कुठेही गोष्ट वाचायची नाही, कुणाचा रिव्ह्यू बघायचा नाही. कोरी ये.

किडकी


१४ जानेवारी

ताई,

काल तुझी गाडी सुटल्यावर आम्ही दोघी घरी आलो आणि आईने आधी काय केलं असेल तर तुझी चादर धुवायला टाकू दिली नाही. "राहू दे, पुन्हा येईलच की महिनाभरात." तू तसं कबूल केलंयस ना? तिने मला साक्षीदार केलंय.

सिनेमा जोरात चाललाय! थिएटरच्या बाहेर आईला दोन कॉलेजच्या पोरींनी ओळखलं. एकीने सेल्फी मागितला, दुसरी मागे सरकली. आई त्या दुसरीवर जास्त खूश. आणि डायरेक्टर बाईंचा फोन आला होता, पुढच्या सिनेमात नदीतून वर येणारं काहीतरी आहे, त्याला दातांच्या तीन ओळी हव्यात. तीन, ताई! एकामागे एक! मी मालकांकडे सरळ अर्ध्या दिवसाची नोकरी मागितली. ते म्हणाले, "तुमचं लक्ष आता माणसांत राहिलंच नाही." दिली पण.

एक गोष्ट तू इथे असताना बोलले नाही, म्हणून लिहितेय. तुला वाटत असेल मी सिनेमा बघत होते. नव्हते बघत.

तुझी गाडी उशिरा आली, तू धापा टाकत आलीस तेव्हा दिवे गेलेले होते. आई मधल्या खुर्चीत, मी तिच्या उजवीकडे. तू तिच्या डावीकडे येऊन बसलीस. पाऊण तास पडद्यावर माणसं गायब होत होती आणि तुम्ही दोघी अशा ताठ बसल्या होतात, जणू डॉक्टरकडे नंबर लावलाय.

मग ती मुलगी धावत जिन्याखाली आली. संगीत थांबलं. नुसता श्वास. दार उघडलं. आख्खं थिएटर खुर्चीच्या कडेला. पडद्यावर आईचा चेहरा, हा एवढा मोठा, डावी बाजू ओघळलेली, आणि माझे दात. मी तुझ्याकडे बघितलं तर तू डोळे गच्च मिटले होतेस. कुठल्याही भुताला आजवर न भ्यालेली तू.

आईनेही बघितलं ते. ती तुझ्याकडे वाकली आणि हळूच म्हणाली, "डोळे उघड गं. मीच आहे."

तू डोळे न उघडताच म्हणालीस, "म्हणून तर भीती वाटतेय."

आणि आई हसली, ताई! तोंड न झाकता, खो-खो, ऐन भीतीच्या जागी. पुढच्या रांगेतला तो दांडगा माणूस वळला, त्याला अंधारात तेच तोंड आपल्या मागे हसताना दिसलं, आणि तो असा किंचाळला की पाठोपाठ सगळं थिएटर किंचाळलं. त्या गोंगाटात तू डोळे उघडलेस. पडद्याकडे नाही बघितलंस. तिच्याकडे बघितलंस, तिच्या डाव्या गालावर हात ठेवलास आणि सिनेमा संपेपर्यंत तो तसाच होता.

तुझी,
किडकी